घरचे सोंग

गेल्या वर्षी दिवाळीची सुटी लागली आणि आमच्या पिंपळे गुरवच्या घरात एका साडीवर कात्री चालली. साडी गुलाबी, इंदुरी, बारीक काठाची. आमच्या सौभाग्यवतींनी ती नेसायची केव्हाच सोडली होती, पण कपाटातून काही काढली नव्हती. आठ वर्षांच्या नातीला 'नेझुको' व्हायचे होते आणि बारा वर्षांच्या नातवाला तिचा भाऊ 'तांजिरो'. डिसेंबरात मुंबईला कॉमिक कॉन नावाची जत्रा भरायची होती. तिथे मुले काय आणि मोठी माणसे काय, आपापल्या आवडत्या चित्रकथांतली सोंगे घेऊन जातात. सूनबाईंनी आधी पोशाख भाड्याने मिळतात का, याची चौकशी केली. मिळत होते, पण दोघांचे दोन दिवसांचे भाडे ऐकून चिरंजीव गप्प बसले, आणि त्या शांततेत "घरीच करू" असे मी बोलून गेलो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण आमच्या घरात पूर्वीपासून फार उपयोगी पडत आली आहे.

ही नेझुको कोण, ते वाचकांपैकी ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांना सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. कोयोहारू गोतोगे यांची 'डेमन स्लेयर' ही जपानी चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात तिकडच्या साप्ताहिकातून क्रमशः आली. २०१९ पासून तिची चलच्चित्रमालिका निघाली आणि ती आमच्या दिवाणखान्यापर्यंत येऊन पोहोचली. काळ जपानच्या तैशो राजवटीचा, म्हणजे १९१२ ते १९२६ चा. तांजिरो हा डोंगरात राहून कोळसा विकणारा पोरगा. राक्षस येऊन त्याच्या घरच्यांना मारतो. एक बहीण तेवढी उरते, पण तीही राक्षस झालेली. तिने माणसांना चावू नये म्हणून तिच्या तोंडाला बांबूचे नळकांडे बांधलेले आहे, आणि राक्षसांना ऊन सोसत नाही म्हणून भाऊ तिला लाकडी पेटीत बसवून पाठीवर घेऊन हिंडतो. बहीण राक्षस झाली तरी तिला टाकायची नाही, एवढाच त्या कथेचा गाभा. मला तो आवडला, हे कबूल करतो.

माझे आयुष्य या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेले. त्यामुळे पेटी माझ्याकडे आली. मी चित्रावरून मापे काढली, प्लायवूड आणले, कोपरे खाचा पाडून जोडले, आणि पेटी इतकी पक्की झाली की नातवाला ती पाठीवर घेऊन सरळ उभे राहता येईना. तिचे वजन साडेचार किलो भरले. चिरंजीवांनी काही न बोलता सनबोर्डचे दोन तक्ते आणून ठेवले. दुसरी पेटी सनबोर्डची झाली, तिला जुन्या दप्तराचे पट्टे लावले आणि वरून तपकिरी रंगात लाकडाच्या रेषा ओढल्या. बांबूचे नळकांडे कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्याच्या नळीतून निघाले. तलवार फोमची, तिच्या मुठीला पायजम्याची काळी नाडी आडवीतिडवी गुंडाळली. नेझुकोच्या अंगरख्यावर तागाच्या पानासारखी सहा टोकांची नक्षी असते. ती काढायची कशी, यावर दोन दिवस खल झाला. शेवटी सौभाग्यवतींनी बटाटा अर्धा कापून त्याचा ठसा कोरला आणि गुलाबी साडीवर पांढरे ठसे उमटवून दिले. मापे घेऊन पहिली कात्रीही त्यांनीच लावली. दुसऱ्या कोणाचा हात त्या साडीला लागला असता असे मला वाटत नाही.

हे सगळे चालू असताना नातू सहज म्हणाला, "आजोबा, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?"

या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा चटकन दिले नाही. तेच इथे देतो आहे. 

त्याच्या जत्रेचा इतिहास प्रथम. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन भरले. माणसे दोनशेच्या आसपास. त्यांत कॅलिफोर्नियाहून आलेला फॉरेस्ट अॅकरमन नावाचा तरुण भविष्यकाळातल्या माणसाचा पोशाख घालून हजर झाला. बरोबर त्याची मैत्रीण मर्टल डग्लस, तीही तशाच वेषात. दोघांचे कपडे शिवले होते मर्टलबाईंनी. पुढच्या वर्षी इतरांनी अनुकरण केले आणि रिवाज पडला. १९८० नंतरच्या दशकात नोबुयुकी ताकाहाशी या जपानी पत्रकाराने 'कॉस्च्यूम' आणि 'प्ले' या दोन इंग्रजी शब्दांची मोडतोड करून या प्रकाराला 'कोसुपुरे' असे नाव दिले. त्याचेच 'कॉस्प्ले' झाले. आपल्याकडे कॉमिक कॉन २०११ च्या फेब्रुवारीत दिल्लीला प्रथम भरली आणि त्याच वर्षी मुंबईलाही आली. इतिहासाच्या हिशेबाने हे सगळे कालचे. पण मर्टल डग्लसचे नाव मी मुद्दाम लिहिले, कारण सोंगाच्या इतिहासात घालणाऱ्याचे नाव राहते आणि शिवणारीचे मागे पडते.

आता आपल्याकडचे.

चाळीसएक वर्षांपूर्वी, कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून, मी मोखाड्याकडे बोहाडा पाहायला गेलो होतो. तेव्हा तो मुलूख ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघरमध्ये गेला. जव्हार, मोखाडा आणि पलीकडे नाशिककडचे त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या डोंगराळ भागात होळीपासून पुढे वैशाखापर्यंत गावोगाव हा उत्सव चालतो. वारली, कोकणा, महादेव कोळी आणि गावातले इतर, सगळ्यांचा. रात्री टेंभे पेटतात, संबळ आणि सनई वाजू लागते, आणि एकामागून एक सोंगे गावाच्या वाटेवरून नाचत येतात. आधी गणपती, मग मोरावरची सरस्वती. नंतर देव, दानव, वीर, वेताळ, त्राटिका, नरसिंह, दहा तोंडांचा रावण. पहाटे देवी आणि महिषासुर यांची झुंज होते तेव्हा बोहाडा संपतो.

मुखवटे पूर्वी लाकडाचे कोरीत. लाकूड हलके निवडायचे, कारण मुखवटा डोक्यावर घेऊन नाचायचे असते. प्लायवूडची पेटी करताना ही गोष्ट मला आठवायला हवी होती. पुढे कागदाच्या लगद्याचे मुखवटे आले. जुना कागद भिजवून कुटायचा, चिकटपणासाठी खळ घालायची, मातीच्या साच्यावर थर चढवीत जायचे आणि सुकल्यावर रंगवायचे. आमच्या घरी आजी मेथ्या घालून कागदी लगद्याच्या पाट्या करी, त्याच जातीची ही कला.

ज्या घरी आम्ही उतरलो होतो त्या घराकडे एका राक्षसाचे सोंग होते. 'होते' म्हणजे पिढीजात होते. बोहाड्यात पुष्कळ ठिकाणी सोंगे घराण्यांकडे वाटून दिलेली असतात: अमुक घराने अमुक सोंग काढायचे, मुखवटा जपायचा, दर वर्षी उत्सवाआधी त्याला रंग द्यायचा. आमच्या यजमानांनी तो मुखवटा माझ्या हातात दिला. बाहेरून सुळे, बटबटीत डोळे, लाल जीभ. आत पाहिले तर जुन्या धोतराच्या घड्या शिवून केलेली गादी, घामाने काळी पडलेली. त्यांच्या वडिलांचे कपाळ त्याच जागी टेकले होते. मी तो मुखवटा आतूनच जास्त वेळ पाहत राहिलो.

रात्री सोंग निघाले. राक्षस मोठा भयंकर नाचला, पोरे किंचाळत आयांच्या मागे लपली, आणि त्याच वेळी आजूबाजूच्या बायका नाचणाऱ्याचे नाव घेऊन हसत होत्या. बोहाड्यातली ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. समोर राक्षस आहे हेही खरे आणि तो आपल्या शेजारचा मुलगा आहे हेही सगळ्यांना ठाऊक. दोन्ही एकाच वेळी. भीती खरी, पण त्या भीतीच्या खाली ओळख अंथरलेली.

मराठी नाटकाचा उगम सांगताना आपण ५ नोव्हेंबर १८४३ ही तारीख सांगतो: सांगलीला चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' उभे केले तो दिवस. भावे कवी होते, सूत्रधार होते, हे आपण शाळेत शिकतो. ते हातांचेही कारागीर होते, हे कमी लोकांना माहीत असते. त्यांनी लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या. त्या पुढे रामदास पाध्ये यांच्या हाती आल्या आणि त्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा लोकांपुढे नाचवल्या. मराठी नाटकाचा जनक हा सोंगाचे सामान स्वतः करू शकणारा माणूस होता, ही गोष्ट मला टूलरूमवाला म्हणून फार समाधान देते. भाव्यांच्या त्या खेळांत राक्षस आरोळ्या ठोकीत, तलवारी नाचवीत येत. 'अलल्लडुर्र' म्हणून पुढच्या शिकलेल्या पिढीने त्यांची थट्टा केली. थट्टा करणाऱ्यांनी मुखवट्याची आतली बाजू पाहिली नसावी. १८५१ साली चिंतामणराव वारले, राजाश्रय आटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. १८५३ मध्ये मुंबईला तिकीट लावून खेळ झाले. घरचे सोंग बाजारात गेले ते असे.

दाराबाहेर पडलेल्या सोंगाला पेटारा लागतो. कोकणातले दशावतारी आपला सगळा संसार पेटाऱ्यात भरून तो डोक्यावर घेऊन एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात. मुकुट, भुजबंद, गणपतीचे तोंड, काळ्या संकासुराची झूल, सगळे त्यात. रंगभूषा ज्याची त्याने करायची. नातवाच्या पाठीवरची पेटी पाहिली की मला तो पेटारा आठवतो. जपान्यांनी त्यात बहीण बसवली, एवढाच फरक.

तांजिरोच्या गोष्टीचा काळ मी वर मुद्दाम दिला. अगदी त्याच वर्षांत इकडे एक घर सोंगांनी भरून गेले होते. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यातला रोहिदास म्हणजे फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. तारामती म्हणजे साळुंके, एका उपाहारगृहातला आचारी. कारण बाई मिळेना. आणि पडद्यावर कुठेच न दिसणाऱ्या सरस्वतीबाई फाळके साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत होत्या आणि रात्री फिल्मच्या पट्टीला भोके पाडून देत होत्या. पुढे १९१९ साली 'कालिया मर्दन' आला, त्यात बाळकृष्ण झाली फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाचा बराच भाग सुदैवाने शिल्लक आहे आणि त्याच्या आरंभीच एक विलक्षण गोष्ट आहे: कथा सुरू होण्याआधी ही मुलगी पडद्यावर येते आणि राग, आनंद, भीती असे चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव करून दाखवते. म्हणजे प्रेक्षकांनी आधी फाळक्यांची पोर पाहायची, मग कृष्ण पाहायचा. बोहाड्यातल्या बायकांना जे आपोआप ठाऊक असते ते फाळक्यांनी अनोळखी प्रेक्षकांना मुद्दाम करून दिले. यापेक्षा शहाणा विचार मला चित्रपटाच्या सगळ्या इतिहासात क्वचितच दिसतो.

गणेशोत्सवातले मेळे, त्यांतली मावळ्यांच्या वेषातली पोरे, मग शाळांच्या स्नेहसंमेलनांतल्या वेशभूषा स्पर्धा, हा पुढचा भाग वाचकांच्या स्वतःच्या आठवणीतला आहे. प्रत्येक घरात निदान एक तरी टिळक किंवा झाशीची राणी होऊन गेलेली असते. त्यावर जास्त लिहीत नाही.

आमच्या पिंपळे गुरवविषयी मात्र दोन शब्द. हे पवनाकाठचे गाव. शेजारी पिंपळे सौदागर आणि पिंपळे निलख ही त्याची भावंडे. नावातला गुरव म्हणजे शिवाच्या देवळाचा पुजारी, पत्रावळी लावणारा आणि वाद्य वाजवणारा. सांप्रत इथे इमारतींची दाटी आहे, एका बागेत सिमेंटचे डायनासोर उभे आहेत, आणि नटसम्राट निळू फुले यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. निळूभाऊंचे नाव या लेखात येणे अपरिहार्य होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेला, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला हा सज्जन माणूस. पण पडद्यावर त्याने दुष्ट पाटलाचे सोंग असे वठवले की खेड्यापाड्यांतल्या बायका त्याला पाहून खरोखर बोटे मोडीत. सोंगाखालचा माणूस त्यांना दिसेना. नटाला ही मोठी पावती. पण सोंग घेऊन परक्या दारात उभे राहणाऱ्याला अशी पावती मिळाली तर काय होते, तिकडे मला आता वळायचे आहे.

माझे लहानपण मावळात गेले. सुगी उरकली की आमच्या गावी बहुरूपी येई. बहुधा खाकी वेषात, शिट्टी फुंकीत, हातात वही. दारात उभा राहून दरडावून विचारी, घरमालक कोण, आणि वहीत पाहून समन्स वाचायला लागे: तुमच्या मांजराने पाटलांच्या घरचे दूध प्याल्याची फिर्याद आहे, जामीन द्या. आम्हा पोरांची पाचावर धारण बसे. आजी मात्र स्वयंपाकघरातूनच ओरडे, "आला का रे बाबा? यंदा उशीर केलास." लगेच फौजदाराचा आवाज उतरे, तो हसे, आजी सुपातून तांदूळ घाली, आणि तो पुढच्या दारी पुन्हा फौजदार होई.

बहुरूप्याची विद्या काय, याचा मी अलीकडे पुष्कळ विचार केला. त्याने अर्धा मिनिट फसवायचे आणि मग पकडले जायचे. तांदूळ मिळत ते पकडले गेल्यावर. अगदीच न फसवणारा बहुरूपी कच्चा, पण पकडलाच न जाणारा बहुरूपी उपाशी. बोहाड्यातला राक्षस स्वतःच्या गावात नाचतो. बहुरूपी दुसऱ्यांच्या गावात जातो आणि दर वर्षी आपली ओळख नव्याने पटवून घेतो. त्याचे सगळे पोट त्या ओळखीवर असते.

समाजाने त्याला मान दिला असे नाही. बहिर्जी नाइकांच्या वेषांतरांच्या कथा आपण अभिमानाने सांगतो, पण दारातल्या बहुरूप्याला भिकारीच म्हणत आलो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात गावोगाव हिंडणाऱ्या फिरस्त्यांवर लिहिले आहे. लेखक मोठा जाणता, पण या लोकांकडे तो काही मायेने पाहत नाही. कुणब्याच्या खळ्यावरचा भार, असाच त्याचा सूर. इंग्रजांनी तर १८७१ साली जमातीच्या जमाती कायद्याने गुन्हेगार ठरवल्या आणि तो शिक्का पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. त्या कायद्याची सावली सगळ्याच हिंडत्या लोकांवर पडली. बहुरूपी आज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत.

आणि मग १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. त्या दिवशी रविवार, बाजाराचा दिवस. सोलापूरकडून भिक्षा मागत आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार मारले. मोबाइलवरून अफवा आधीच गावोगाव पोहोचली होती. ती माणसे कसलेही सोंग घेऊन आलेली नव्हती. तरीही त्यांना कोणी ओळखले नाही. दिवाळीच्या अंकात हे लिहावे की नाही, याचा मी विचार केला. लिहिले, याला कारण आहे.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही घरातले सगळे जमिनीवर बसून पेटीच्या दाराला बिजागऱ्या डकवीत होतो. मोबाइलवर आमच्या सोसायटीच्या गटात एक छायाचित्र आले. खाली मजकूर: पोलिसाच्या वेषात संशयित इसम फाटकाशी आला आहे, मुलांना घरात ठेवा. मी चष्मा लावून पाहिले. खाकी शर्ट, टोपी जुन्या घाटाची, पायात कॅनव्हासचे बूट. आणि कमरेचा पट्टा. पट्ट्याचे बक्कल पत्र्याचे होते. डब्याचे झाकण कापून, मागून ठोकून त्यावर सिंहाची आकृती उठवली होती. छायाचित्रातसुद्धा हातोडीचे ठोके दिसत होते. आयुष्यभर पत्रा हाताळलेल्या माणसाला त्यात शंका राहण्याचे कारण नव्हते. मी घरात म्हणालोही, "अरे, हा तर बहुरूपी." सूनबाई म्हणाल्या, "मग जाऊन सांगा ना खाली." माझ्या हातात बिजागरी होती, गोंद ओला होता. "हे धरलं की जातो," मी म्हणालो.

दहा-बारा मिनिटांनी खाली गेलो. तोवर सगळे आटपले होते. पाच-सात जणांनी त्याला घेरले, आधार कार्ड मागितले, त्याने ते दाखवले, त्याचेही छायाचित्र काढले गेले. कोणी खांद्याला धरून हलवले, कोणी पोलिसांना बोलावू म्हणाले, आणि तो निघून गेला. मारहाण झाली नाही, असे मला दोघांनी आवर्जून सांगितले. वॉचमनच्या टेबलावर त्याची वही राहिली होती. मी ती उघडून पाहिली. आमच्या मांजराची फिर्याद ज्या वहीतून वाचली जाई तसलीच वही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरी.

डिसेंबरात आम्ही पहाटेची गाडी धरून मुंबईला गेलो. जत्रेच्या दाराशी रांग होती. तिथल्या माणसाने नातवाची तलवार हातात घेतली, वाकवून पाहिली, धातू नाही याची खात्री केली आणि हसून परत दिली. पेटी उघडायला लावली; आत पाण्याच्या दोन बाटल्या आणि नातीचा स्वेटर होता. आत शिरलो आणि दहा पावलांवर एक अनोळखी मुलगी "नेझुको!" म्हणून धावत आली. मग कितीतरी जण आले. माझी नात तोंडात पुठ्ठ्याचे नळकांडे धरून उभी राही, बोलत काहीच नसे, आणि लोक तिच्याबरोबर छायाचित्रे काढून घेत. एका बाईंनी अंगरख्यावरची नक्षी निरखून विचारले, छापाई कुठून करून घेतली? "बटाट्याने," सौभाग्यवती म्हणाल्या, आणि मर्टल डग्लसच्या वाट्याला जे आले नसेल ते त्यांच्या वाट्याला आले: त्या बाईंनी त्यांचेही छायाचित्र काढले. ऐंशी पायांचा एक कोळी, पुठ्ठ्याचे चिलखत घातलेले एक बापलेक, पंख लावलेली एक मुलगी. सगळी एकमेकांना सोंगाच्या नावाने हाका मारीत होती. माणसाचे नाव कोणी विचारीत नव्हते आणि विचारायची गरजही नव्हती. तिकीट काढून आत आलेला प्रत्येक जण सोंगच पाहायला आला होता. इथे राक्षसाला भय नाही.

परतीच्या गाडीत नात झोपली. नातवाने पेटी मांडीवर घेतली होती. "आजोबा," तो म्हणाला, "त्या दिवशी ते पोलीस आले होते ना, त्यांचा पट्टापण घरीच केलेला होता?" त्याने ते छायाचित्र पाहिले होते हे मला ठाऊक नव्हते. हो, म्हटले, घरीच केलेला, डब्याच्या झाकणाचा. "मग त्यांना आपल्याकडे का नाही बोलावलं?" मी म्हणालो, गोंद ओला होता. खोटे नव्हते ते. त्याने पुढे काही विचारले नाही.

ती वही मी जपून ठेवली आहे. यंदा दिवाळीच्या आधी खाली जाऊन मी वॉचमनला सांगितले की कोणी बहुरूपी आला तर त्याला फाटकाशी अडवू नये, सरळ माझ्याकडे वर पाठवावा. वॉचमन नवा आहे, मराठवाड्याकडचा, तरुण. त्याने माझा फ्लॅट नंबर लिहून घेतला आणि अगदी रास्त प्रश्न विचारला. "पाठवतो की काका. पण तो बहुरूपी हाय, खरा पोलीस न्हाई, ह्ये मला कळायचं कसं?"

मी त्याला बकलाची खूण सांगितली.